एमएम ५४० (एक्सडीपी ४.९०): थंडीत सुरू होत नाही, घाटात तापते, इंजिन दुरुस्त करावे की डीआय बसवावे?

माळशेजवाला (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १९९२ सालची महिंद्रा एमएम ५४० ही फोर-व्हील ड्राइव्ह जीप आहे. तिच्यात मूळचेच प्यूजो एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन आहे. गाडी शेतावर, जंगलातल्या कच्च्या वाटांवर आणि अधूनमधून मुरबाडपर्यंत माळशेज घाटाने चालते. तक्रारी दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे की नाही, हेच मला ठरवता येत नाही.

पहिली तक्रार अशी की हिवाळ्यात सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. इंजिन पकडले तरी सुरुवातीला दोन-तीन सिलिंडरांवरच चालल्यासारखे थरथरते आणि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर टाकते. थोडे गरम झाले की धूर जातो आणि आवाज एकसारखा होतो. दुपारी मात्र अर्ध्या फेरीत सुरू होते. दुसरी तक्रार तापण्याची आहे. सपाट रस्त्यावर काटा मध्यावर असतो. पण मुरबाडकडून चार-पाच माणसे घेऊन घाट चढताना तो लाल पट्टीकडे सरकतो. बाजूला थांबून इंजिन चालू ठेवले की काही वेळाने खाली येतो. रेडिएटरमधील पाणी थोडे थोडे कमी होते. ऑइलमध्ये पाणी मिसळल्याचे दिसत नाही. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) किंचित धूर येतो, पण ऑइल मोजण्याची दांडी बाहेर काढल्यावर ऑइल उडत नाही.

आमच्या मिस्त्रींचे म्हणणे आहे की इंजिन थकले असून त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही; ते उतरवून बोलेरो पिकअपमधील २५२३ सीसीचे जुने डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन बसवावे. निर्णय घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उद्यमनगरी, कोल्हापूर

आपण लक्षणे व्यवस्थित लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझे मत आधीच सांगतो: आपण लिहिलेल्या गोष्टींपैकी एकही गोष्ट इंजिन संपल्याचा पुरावा नाही. संपलेले इंजिन दुपारीही कुरकुरते, ब्रीदरमधून जोरात बॅक कॉम्प्रेशन (पिस्टनजवळून खाली निसटलेला वायू) मारते आणि ऑइल पिते. शिवाय सध्या त्रास देणाऱ्या बहुतेक वस्तू, म्हणजे डिझेलची लाइन, बॅटरीची अर्थिंग आणि रेडिएटर, या इंजिनाच्या बाहेरच्या आहेत. इंजिन बदलले तरी त्या गाडीतच राहतील आणि नव्या इंजिनालाही तोच त्रास देतील. म्हणून आधी या वस्तू निर्दोष आहेत हे सिद्ध करावे, त्यानंतरच इंजिनावर बोट ठेवावे.

एक्सडीपी ४.९० हे चार सिलिंडरांचे, ९० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ८३ मिमी स्ट्रोकचे (पिस्टनची धाव), २११२ सीसीचे इंजिन आहे. त्यात डिझेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधील लहान कक्षात फवारले जाते. त्या कक्षाच्या भिंती थंड असताना दाबलेल्या हवेची बरीचशी उष्णता शोषून घेतात, म्हणूनच या इंजिनाला हीटर प्लग, म्हणजे सुरू करण्यापूर्वी तो कक्ष विजेवर तापवणारे प्लग, लागतात. एक-दोन हीटर मेलेले असतील, तर ते सिलिंडर गरम होईपर्यंत डिझेल जाळत नाहीत आणि न जळलेले डिझेल पांढऱ्या, झोंबणाऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. आपण लिहिलेली थरथर आणि धूर याच्याशी तंतोतंत जुळतात. हीटरांना जोडणारी पट्टी काढावी आणि प्रत्येक हीटरचा रोध मल्टिमीटरने स्वतंत्र मोजावा. चांगल्या हीटरचा रोध फारच कमी, साधारण एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. मेलेल्या हीटरमधून प्रवाहच जात नाही. पट्टी न काढता मोजल्यास चांगले हीटर मेलेल्यांना झाकून टाकतात. सर्व हीटर चांगले निघाले, तर चावी हीटरवर असताना पट्टीवर किती व्होल्ट पोहोचतात ते पाहावे. रिलेचे किंवा स्विचचे जळालेले टोक इथे उघडे पडते.

त्याच वेळी बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत मल्टिमीटर लावून स्टार्टर मारावा. त्या क्षणी अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलेला आहे असे समजावे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे ही पट्टी सैल झाली की स्टार्टरला पुरेसा प्रवाह मिळत नाही, इंजिन मंद फिरते आणि डिझेल पेटण्याइतकी हवा तापत नाही. जुन्या जीपमध्ये चासीवरचा रंग आणि गंज खरवडून हा बोल्ट पुन्हा बसवणे हे सर्वांत स्वस्त काम आहे, आणि का कोण जाणे, तेच सर्वांत शेवटी केले जाते.

आता डिझेलच्या लाइनकडे वळू. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीखाली असते, म्हणून तिला बारीक भेग पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल टाकीकडे उतरते आणि सकाळी पंपाला फेस मिळतो. याची परीक्षा दोन प्रकारे करता येते. एका सकाळी हीटर नेहमीप्रमाणे द्यावेत, पण स्टार्टर मारण्यापूर्वी हँड प्रायमर (डिझेल हाताने पंप करण्याचे बटण) घट्ट होईपर्यंत दाबावा. गाडी पटकन सुरू झाली तर हवेचा संशय पक्का होतो. त्यानंतर पंपाच्या इनलेटजवळ पारदर्शक पाइपचा तुकडा तात्पुरता जोडावा आणि इंजिन चालू असताना बुडबुडे दिसतात का ते पाहावे. बुडबुडे दिसले तर टाकीवरील रबरी नळी, फिल्टरचे ओ-रिंग आणि बँजो बोल्टांखालचे (डिझेलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टांखालचे) तांब्याचे वॉशर बदलावेत. जुना तांब्याचा वॉशर उलटा करून पुन्हा लावण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे; ती सोडावी.

तापण्याविषयी पहिली गोष्ट म्हणजे काट्यावर विश्वास ठेवू नये. इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळतो. घाटात काटा वर गेला की थर्मोस्टॅटच्या घरावर तो रोखून खरे तापमान पाहावे. काटा खरा ठरला, तर गाडी केव्हा तापते याचा विचार करावा. हळू चालताना किंवा उभी असताना तापणारी गाडी हवेच्या तुटवड्याकडे, म्हणजे फॅन, पट्टा आणि श्राउडकडे (फॅनभोवतीच्या आवरणाकडे) बोट दाखवते. आपली गाडी उभी केल्यावर थंड होते आणि भार घेतल्यावर तापते. म्हणजे फॅन बहुधा काम करत आहे, पण रेडिएटरमधून पुरेसे पाणी जात नाही किंवा इंजिन पाण्यात जास्त उष्णता सोडत आहे.

रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरवेलचे पाणी घातले गेले असेल, तर नळ्यांत क्षाराचा थर बसलेलाच असणार. गरम इंजिन बंद करून, फॅनपासून हात दूर ठेवून, त्याच इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरचा पृष्ठभाग वरपासून खालपर्यंत तपासावा. पाणी फिरत असलेला भाग वरून खाली क्रमाने थंड होत जातो. बंद नळ्यांचा भाग मात्र एकदम थंड लागतो. जुना पितळी रेडिएटर असेल तर त्याच्या टाक्या उघडून नळ्यांतून सळ्या घालून घ्याव्यात. ॲसिड ओतून साफ करण्याचा सोपा मार्ग निवडू नये, कारण थर निघतो तसे जुने डागही निघतात.

त्यानंतर थर्मोस्टॅटचे घर उघडून आत थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) आहे की नाही ते पाहावे. हे वाक्य विनोदी वाटेल, पण आपल्याकडील जुन्या जीपांपैकी कितीतरी गाड्यांतील थर्मोस्टॅट कोणीतरी ‘गाडी तापू नये म्हणून’ काढून फेकलेला असतो. ज्या रचनेत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर बायपास कायम उघडा राहतो आणि पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून गरमच परत इंजिनात येतो. सपाट रस्त्यावर गाडी गरजेपेक्षा थंड चालते आणि घाटात तापते, असा उफराटा प्रकार यातून घडतो. थंड चालणाऱ्या डिझेल इंजिनात ऑइल लवकर खराब होते आणि सिलिंडरच्या बोअरची झीजही वाढते.

रेडिएटरच्या झाकणाकडेही दुर्लक्ष करू नये. सात पाउंड दाबाचे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२ अंश सेल्सियसने वर नेते. माळशेजच्या माथ्यावर, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, उघडे पाणी अंदाजे ९८ अंशांवर उकळते. झाकणाची स्प्रिंग मेली असेल तर हा सगळा फायदा जातो आणि पाणी ओव्हरफ्लो नळीतून हळूहळू कमी होते. आपले पाणी कमी होण्याचे कारण कदाचित एवढेच असेल.

हेड गॅस्केटची (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगची) परीक्षा मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ‘पांढरा धूर आणि तापणे’ ऐकताच सर्वांना तीच आठवते. पूर्ण थंड इंजिनाचे झाकण लावून गाडी सुरू करावी आणि वरचा पाण्याचा होज हातात धरावा. पाणी अजून गार असताना, एक-दोन मिनिटांतच, होज दगडासारखा कडक झाला तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत आहे. झाकण काढून पाहिल्यास सतत बुडबुडे येतात. गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची परीक्षानळी असते. तिच्यातून रेडिएटरमधील वायू ओढल्यावर द्रवाचा रंग बदलला तर शंका उरत नाही. यातले काहीच घडले नाही, तर हेडला हात लावण्याचे कारण नाही.

एवढे करूनही सकाळची अडचण राहिली, तर डिझेलचा कॉम्प्रेशन गेज लावावा. पेट्रोल गाडीचा गेज इथे अपुरा पडतो. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे एखाद्या सिलिंडरच्या सुट्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे. नोझल (डिझेल फवारणारी टोके) मात्र कॉम्प्रेशनच्या आधी पंपवाल्याकडून तपासून घ्यावेत, कारण टपकणारा नोझलही थंड इंजिनात असाच धूर काढतो.

प्रोपेलर_शाफ्ट

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, म्हणून निदानाविषयी लिहीत नाही. तपासणीअंती इंजिन खरोखरच बदलावे लागले, तर डीआय बसवताना काय काय सोबत बदलावे लागते, तेवढे लिहितो. ‘काढले आणि बसवले’ असे हे काम नाही.

२५२३ सीसीचे डीआय इंजिन ८८.९ मिमी बोअर आणि १०१.६ मिमी स्ट्रोकचे आहे. त्याचे मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनात आहे आणि त्याचा स्वभावही तसाच आहे: खालच्या फेऱ्यांवर चांगली ओढ आणि वरच्या फेऱ्यांचा कंटाळा. एक्सडीपी आपली ६२ अश्वशक्ती मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर देते; डीआयला ३००० च्या पुढे पळवण्यात सुख नाही. याचा थेट परिणाम मागच्या डिफरेन्शियलच्या गुणोत्तरावर होतो. समजा आपल्या एक्सलमध्ये ४३ आणि ८ दातांची, म्हणजे ५.३८ ची जोडी आहे आणि टायर ६.००-१६ आहेत. टायर एका फेरीत सुमारे २.२ मीटर अंतर कापतो असे धरले, तर सरळ टॉप गियरमध्ये ३००० फेऱ्यांना वेग ताशी साधारण ७३ किलोमीटर येतो, आणि ४५०० फेऱ्यांना ११०. म्हणजे तीच जीप डीआय बसवल्यावर महामार्गावर सत्तरीतच रडू लागते. ३९ आणि ८ दातांची, म्हणजे ४.८८ ची जोडी घालून हा फरक काहीसा भरून निघतो; पण मग ती पुढच्या एक्सललाही घालावी लागते. दोन्ही एक्सलांचे गुणोत्तर वेगळे ठेवून फोर-व्हील ड्राइव्ह टाकली, तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि शाफ्ट एकमेकांशी भांडत राहतात आणि कठीण जमिनीवर काहीतरी तुटते.

आपले गुणोत्तर कोणते, हे उघडून न पाहता समजते. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये ठेवावी, मागचे एकच चाक उचलावे आणि ते बरोबर दोन फेऱ्या फिरवून प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या मोजाव्यात. दुसरे चाक जमिनीवर असल्यामुळे दोन फेऱ्यांचा हिशेब एका फेरीचा होतो. शाफ्ट पाच फेऱ्या आणि एक तृतीयांशाच्या थोडा पुढे गेला तर ५.३८, आणि पाचला थोडा कमी पडला तर ४.८८. हे करताना उरलेल्या चाकांना पुढून आणि मागून भक्कम ओंडके लावावेत. अनेक जुन्या जीपांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. तो सोडल्याशिवाय शाफ्ट फिरणार नाही, आणि एक चाक हवेत असताना तो ओढला तरी गाडीला धरून ठेवत नाही.

यानंतर प्रश्न येतो बेल हाउसिंगचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या क्लचच्या आवरणाचा. मूळ गिअरबॉक्स ठेवायचा असेल तर मध्ये अडॅप्टर प्लेट लागते, आणि लेथवरच्या कारागिराने ती ‘नजरेने’ मध्यावर आणली असेल तर क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य जुळत नाही. सुरुवातीला काहीच कळत नाही. नंतर पायलट बेअरिंग ओरडते, क्लच झटके देतो आणि शेवटी गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग जाते. म्हणून फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून बेल हाउसिंगचे भोक चहूबाजूंनी मोजून घेतल्याशिवाय प्लेटचे डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या पिना) पक्के करू देऊ नयेत. क्लच प्लेटच्या आतील दाते आपल्या इनपुट शाफ्टचे आणि बाहेरचे माप नव्या फ्लायव्हीलचे, असा मेळ घालावा लागतो. इंजिनासोबत त्याचाच गिअरबॉक्सही घेतला तर हा त्रास वाचतो. पण ट्रान्सफर केसची जोडणी, दोन्ही प्रोपेलर शाफ्टांची लांबी आणि गियर लिव्हरची जागा बदलते.

डीआय वजनाने जड आहे, त्यामुळे पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबून बसतात. ऑइल पॅन आणि पुढचा एक्सल यांच्यातील अंतर गाडी उभी असताना पुरेसे वाटते. पण खड्ड्यात पाटे पूर्ण दाबले गेल्यावर किती उरते, ते बंप स्टॉपपर्यंत (एक्सल जिथे टेकून थांबतो त्या रबरापर्यंत) जॅकने दाबून पाहावे. स्टिअरिंग बॉक्स, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टची बाजू हीदेखील आधी मापून घ्यावी. ही मापे घेण्याआधीच जुने माउंटिंग कापणारा मिस्त्री असेल, तर गाडी तिथून परत आणावी.

भाताची_खाचरे

मला डीआयची बाजू मांडायची आहे, कारण चर्चा एकतर्फी होत आहे. आमच्या भागात पावसाळ्यात जीप चिखलातून भाताची रोपे आणि खताची पोती वाहते. ताशी सत्तरच्या वर जाण्याचा प्रश्नच येत नाही. अशा कामाला डीआयची खालची ओढ फार उपयोगी पडते. त्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या खोलग्यात फवारले जाते, त्यामुळे आपल्याकडील थंडीत ते हीटरशिवायच सुरू होते. सुटे भाग तालुक्याच्या दुकानातही मिळतात आणि काम कोणत्याही मिस्त्रीला येते. एक्सडीपीचा चांगला जाणकार मात्र आता शोधावा लागतो. प्रश्नकर्त्यांचा उपयोग आमच्यासारखाच असेल, तर मिस्त्रींचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही.

फक्त एक अट. जुने डीआय विकत घेताना ते जमिनीवर ठेवलेले नव्हे, तर चालत असलेले पाहूनच घ्यावे. थंड इंजिन सुरू करून दाखवायला सांगावे, ऑइल भरण्याचे झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन पाहावे, आणि इंजिन नंबरची जागा घासलेली किंवा पुन्हा ठोकलेली नाही याची खात्री करावी. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून असो वा पुण्याच्या नाना पेठेतून, पावतीशिवाय इंजिन आणू नये.

परवाना_आणि_पासिंग

पावतीचा उल्लेख झालाच आहे, तर कायद्याची बाजू लिहितो. ती अशा चर्चांत नेहमी राहून जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि निर्मात्याने दिलेला मूळ तपशील यांच्यात तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचे असल्यास नोंदणी प्राधिकाऱ्याची, म्हणजे आपल्या आरटीओची, परवानगी आधी घ्यावी लागते, आणि बदल झाल्यापासून १४ दिवसांत तो कळवून प्रमाणपत्रात नोंदवून घ्यावा लागतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. त्याच प्रकारचे एक्सडीपी इंजिन बसवणे आणि वेगळ्या क्षमतेचे डीआय बसवणे या दोन अर्जांकडे आरटीओ एकाच नजरेने पाहील असे गृहीत धरू नये. एक्सडीपीच्या बाबतीत मुख्यतः इंजिन नंबर बदलतो. डीआयच्या बाबतीत घनक्षमताही बदलते. म्हणून इंजिनाचे पैसे देण्यापूर्वी लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे.

गाडी १९९२ ची आहे, म्हणजे तिची १५ वर्षांची मूळ नोंदणी केव्हाच संपली असून दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण होत असणार. त्या तपासणीत निरीक्षक चासी नंबरासोबत इंजिन नंबरही पाहतो. प्रमाणपत्रावरील नंबर जुळला नाही, तर नूतनीकरण तिथेच अडते. अपघात झाल्यास विमा कंपनीही हाच प्रश्न विचारते, तेव्हा बदलाची नोंद विम्यातही करून घ्यावी.

माळशेजवाला (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमानेच तपासणी केली आणि काय सापडले ते इतरांच्या उपयोगासाठी लिहितो.

हीटरांपैकी दोन मेलेले होते. पट्टी काढल्याशिवाय हे कळलेच नसते, कारण चावी दिल्यावर दिव्याचा प्रकाश मंद होत असल्यामुळे हीटर चालू आहेत असेच आम्ही धरून चाललो होतो. अर्थिंगच्या पट्टीचा चासीकडील बोल्ट रंगावरच बसवलेला होता. तो खरवडून घट्ट केल्यावर स्टार्टरच्या आवाजातच फरक पडला. पंपाजवळ पारदर्शक पाइप लावला तेव्हा इंजिन चालू असताना बुडबुड्यांची सरळ रांग दिसली. टाकीवरील रबरी नळीला क्लिपखाली भेग होती. नळी आणि बँजोचे सगळे वॉशर बदलल्यावर बुडबुडे थांबले.

थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅट नव्हता. गाडी आमच्याकडे येण्यापूर्वीच तो कोणीतरी काढलेला असावा. रेडिएटर उघडल्यावर खालच्या बाजूच्या बऱ्याच नळ्या पांढऱ्या क्षाराने भरलेल्या दिसल्या. सळ्या घालून त्या मोकळ्या करून घेतल्या. झाकणही बदलले. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर ठेवून, तो कोणत्या तापमानाला उघडतो ते पाहिले. थंड इंजिनावर होज कडक होत नाही, झाकण काढल्यावर बुडबुडेही येत नाहीत. म्हणून हेड उघडलेले नाही.

आता मुरबाडकडून तेवढीच माणसे घेऊन चढताना काटा मध्याच्या थोडा वर जाऊन थांबतो, आणि इन्फ्रारेड थर्मामीटरही त्याला दुजोरा देतो. सकाळी गाडी लवकर पकडते. परंतु सुरुवातीचा पांढरा धूर पूर्ण गेलेला नाही; चारही सिलिंडर चालतात, थरथर नाही, तरीही गरम होईपर्यंत थोडा धूर आणि किंचित जडपणा राहतो. नोझल तपासून घेतले, ते ठीक आहेत. कॉम्प्रेशनचे आकडे चारही सिलिंडरांत जवळपास सारखे आले. आता काय पाहावे? डीआयचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. आरटीओमध्ये विचारणा केली असता क्षमता बदलण्याविषयी उत्साहवर्धक उत्तर मिळाले नाही.

उद्यमनगरी, कोल्हापूर

हीटर, नोझल आणि कॉम्प्रेशन ठीक असताना धूर उरला, तर पंपाच्या टायमिंगकडे, म्हणजे डिझेल फवारण्याच्या वेळेकडे, पाहावे. या इंजिनात टायमिंग चेन आहे. चेन आणि तिचे दाते झिजले की पंप क्रँकच्या मागे पडतो, डिझेल उशिरा फवारले जाते आणि थंड असताना ते पूर्ण जळत नाही. उशिरा फवारलेले डिझेल एक्झॉस्टपर्यंत जळत राहते, त्यामुळे हेडला उष्णताही जास्त मिळते. घाटात आपला काटा अजूनही मध्याच्या थोडा वर जातो, तेही यामुळेच असेल.

पंपाचे तीन बोल्ट सैल करून, पंप किंचित इंजिनाकडे ढकलून ‘आवाज बसेपर्यंत’ फिरवण्याची रीत सर्रास दिसते. ती करू देऊ नये. टायमिंग जास्त पुढे गेले तर धूर जातो आणि सुरुवातही छान होते, पण इंजिन ठोकू लागते, आणि तो ठोका हेड गॅस्केट आणि पिस्टनला महागात पडतो. पंपवाल्याकडे डायल गेज असतो. त्याने फ्लायव्हीलवरील खुणेशी पंपाच्या प्लंजरची हालचाल मोजून टायमिंग बसवावे. त्याआधी चेनचा ढिलेपणा तपासावा. क्रँक एका दिशेने हाताने फिरवून थांबावे, मग उलट दिशेने हळू फिरवत पंपाचा शाफ्ट हलू लागेपर्यंत क्रँक किती सरकला, ते पुलीवर खूण करून पाहावे. सरक मोठी निघाली, तर पंप फिरवून उपयोग नाही. पुढचे कव्हर उघडून चेन, तिची दातेरी चाके आणि टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) एकत्रच बदलावेत, कारण झिजलेल्या दात्यांवर बसवलेली नवी चेन लवकरच जुनी होते. कव्हर उघडले आहे तोवर क्रँकचे पुढचे ऑइल सीलही बदलून घ्यावे. त्याची किंमत किरकोळ आहे आणि त्यासाठी पुन्हा पुली काढणे कोणालाच आवडत नाही.

थर्मोस्टॅट बसवताना त्यावरील बारीक छिद्र वरच्या बाजूला ठेवले होते ना? छिद्र खाली राहिले असेल तर हवा अडकते आणि पहिल्या चढावर काटा एकदम उडी मारून खाली येतो. तसे होत असेल तर तेवढेच उघडून फिरवावे. आणि आता रेडिएटर साफ झालाच आहे, तर त्यात बोअरवेलचे पाणी न घालता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे.

माळशेजवाला (प्रश्नकर्ता)

छिद्र वरच्याच बाजूला आहे, आणि काटा उडी मारत नाही. क्रँक उलट फिरवून पाहिला. पुलीवरील सरक डोळ्यांना स्पष्ट दिसण्याइतकी आहे. चेनचा संच आणि सील मागवले आहेत. कव्हर उघडल्यावर टेन्शनरच्या पट्टीची स्थिती आणि पंपवाल्याने डायलवर काढलेला आकडा इथे कळवीन.